चारशे फोटो आणि कोरा कागद

प्रश्न थोडक्यात असा: चित्रकला रीतसर शिकून झाली आहे, हात बरा चालतो, पण कोरा कागद समोर आला की काय काढायचं ते सुचत नाही. "निसर्गाकडे बघ, प्रवास कर, आजूबाजूला बघ" असं सगळेच सांगतात. म्हणून गेल्या सुट्टीत डोंगरात जाऊन चारशे फोटो काढून आणले, ते फोनमध्ये पडून आहेत. झाडंपानं काढायला घेतली तर ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी दिसतात. पुढच्या महिन्यात दहा दिवसांचा प्रवास आहे. या खेपेला वेगळं काय करावं, आणि बरोबर काय न्यावं?

मी पंचवीसेक वर्षं कापडावरच्या छपाईसाठी नक्षी काढते, मधूनमधून पुस्तकांसाठी चित्रंही. सुचत नाही म्हणून हात बांधून बसायची मुभा या धंद्यात नाही. सोमवारी कुणीतरी आठ नवीन डिझाइन्स मागतं आणि शुक्रवारी ती द्यावीच लागतात. त्या जोरावर सांगते, विषय तुम्हाला सापडलेले आहेत. चारशे सापडलेत. पण त्यातल्या एकाबद्दलही तुम्हाला काही विचारायचं नाहीये, आणि गाडी अडते ती तिथे. एखादी गोष्ट बघून "किती सुंदर!" एवढंच वाटलं तर माझ्याच्यानं तिचं चित्र होत नाही. ते वाटणं तिथेच पुरं झालेलं असतं, त्याला पुढे जायचं कारण उरत नाही. याउलट "अरे, हे असं कसं बसलंय?" असा किंचित गोंधळ झाला, की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक फूल घेऊ. जास्वंद, एकेरी पाकळ्यांची.

हे फूल आपण इतक्यांदा बघितलेलं असतं की डोळे मिटून काढता येईल असं वाटतं. मीही तसंच काढत होते. मधोमध केसरांचा लांब दांडा, भोवती पाच पाकळ्या. आधी एक अख्खी पाकळी काढायची, मग तिच्या दोन बाजूंना तिच्यामागे दडलेल्या दोन, त्यांच्यामागे उरलेल्या दोन. अशा शेकडो जास्वंदी माझ्या हातून गेल्या असतील. एकदा एका कामासाठी खरं फूल टेबलावर ठेवून बसले आणि सगळ्यात वरची पाकळी कुठली ते शोधायला लागले. सापडेना. पहिलीची उजवी कड दुसरीच्या वर होती. दुसरीची तिसरीच्या, तिसरीची चौथीच्या, चौथीची पाचवीच्या वर. आणि पाचवीची कड फिरून पहिलीच्या वर! म्हणजे वरची पाकळी अशी कुठली नव्हतीच. प्रत्येकजण एका शेजारणीच्या अंगावर आणि दुसरीच्या अंगाखाली. कळीत त्या मिटलेल्या छत्रीच्या कापडासारख्या एकमेकींत पीळ घेऊन गुंडाळलेल्या असतात. उमलताना पीळ सुटतो, पण कोण कुणावर हा क्रम तसाच राहतो.

उठून झाडाकडे गेले. तिथे काही फुलांचा पीळ डावीकडे, काहींचा उजवीकडे, तोही एकाच झाडावर. मग दिसलं की पाकळीच्या दोन कडा सारख्या नसतात, म्हणून एकच पाकळी पाच वेळा गिरवली की फूल निर्जीव दिसतं. मग दिसलं की दांड्याच्या अगदी टोकाला पाच मखमली ठिपके आहेत आणि परागकोश त्यांच्या खाली आहेत. मी इतकी वर्षं सगळे ठिपके सरसकट एकत्र काढत आले होते. हे सगळं होईपर्यंत अकरा वाजले आणि मग घाई सुरू झाली, कारण जास्वंदीचं फूल एका दिवसाचं पाहुणं असतं. संध्याकाळी त्याची सुरळी होते. मुदत घालून बसणारा मॉडेल म्हणा ना.

त्या दिवशीचं रेखाटन गचाळ होतं, सगळी खाडाखोड. पण "ज्यात वरचा कुणीच नाही असं वर्तुळ" ही एक गोष्ट हाती लागली. पुढे दोन वर्षं मी तिच्यावर काम करत होते. पाकळ्यांच्या जागी मासे आले, दुमडलेले कागद आले, एकमेकांच्या मनगटाला धरलेले पाच हात आले. बघणाऱ्याला त्यात जास्वंद दिसत नाही, आणि दिसायला हवी असंही नाही.

तुमची पानं पाठ्यपुस्तकातल्यासारखी का होतात, तेही इथेच सांगून टाकते. तुम्ही पान काढत नाही, "पान" हा शब्द काढता. मधली शीर, दोन बाजूंना उपशिरा, टोक, देठ. हा शब्द डोक्यात इतका घट्ट बसलेला असतो की समोरचं पान आपल्याकडे कडेनं बघत असलं, नुसती एक जाड रेघ दिसत असली, तरी हात त्याला वळवून पूर्ण पान करतो. यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक, कागदाकडे न बघता कड काढायची. नजर मुंगीसारखी पानाच्या कडेवरून चालवायची, पेन्सिल त्याच वेगानं कागदावर, आणि कडेवरचा प्रवास संपेपर्यंत खाली बघायचं नाही. चित्र वेडंवाकडं होईल, होऊ द्या. दुसरा उपाय जास्त गुणकारी. झाड काढूच नका, फांद्यापानांच्या मधल्या मोकळ्या जागा काढा. त्या जागांना नाव नसतं, त्यामुळे डोक्याला आपला तयार शब्द घुसडता येत नाही. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून त्यातून बघितलं तर मोकळ्या जागांना चौथी बाजू मिळते आणि काम सोपं होतं.

रंगाचीही तीच गत. ट्यूबमधला तयार हिरवा सगळीकडे फासला की कुठलंही झाड प्लास्टिकचं होतं. उन्हातलं एक पान नीट बघा, त्यात किमान तीन हिरवे असतात. पानाचा गुळगुळीत वरचा भाग आकाश परावर्तित करतो, तिथे ते निळसर, जवळजवळ राखाडी दिसतं. जिथे चमक नाही तिथे पानाचा स्वतःचा रंग. आणि सूर्य पानामागे असेल तर उजेड पानातून गाळून येतो, तो पिवळा, पेटल्यासारखा. नवशिके हा तिसरा हिरवा "ऊन पडलंय" म्हणून पांढरा मिसळून फिकट करतात आणि तिथेच चित्र मरतं. तिथे पांढरा नको, पिवळा वाढवा आणि निळा जवळजवळ काढून टाका. मी स्वतः अल्ट्रामरीन (निळा) आणि लेमन यलो (पिवळा) यांच्यात कणभर बर्न्ट सिएना (विटकरी) घालून सुरुवात करते. तयार हिरवा माझ्या पेटीत आहे, पण तो फक्त इतर रंग बिघडवण्यासाठी.

इथे माझी एक फजिती सांगते. एका कापडासाठी मी सदाफुलीची बारीक वेलबुट्टी केली होती, छान लयदार, एक पान डावीकडे, एक उजवीकडे. शेकडो मीटर कापड छापून झालं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी ते हातात घेतलं आणि विचारलं, "ही सदाफुली आजारी आहे का?" सदाफुलीची पानं जोडीनं येतात, समोरासमोर, खालची जोडी पूर्व-पश्चिम तर वरची दक्षिण-उत्तर. एकाआड एक तिला कधी येतच नाहीत. मी झाड न बघता माझ्या सवयीची वेल काढून तिच्यावर सदाफुलीची फुलं चिकटवली होती. खरी हळहळ पुढे वाटली. जोडीनं काटकोनात वळत जाणारी पानं ही माझ्या घिश्यापिट्या वेलीपेक्षा कितीतरी चांगली नक्षी होती, आणि ती समोर असून मी घेतली नाही.

तेव्हापासून नवीन झाड दिसलं की मी आधी त्याची पानं मोजते. जास्वंदीवर हा प्रयोग करून बघा: एका पानाच्या देठाला दोरा बांधा, तिथून वरच्या पानाच्या देठाला, तिथून त्याच्या वरच्या, असा फांदीभोवती गुंडाळत जा. दोन फेरे पूर्ण होताना सहावं पान साधारण पहिल्याच्या डोक्यावर येतं. सूर्यफुलाच्या बियांमध्ये लागोपाठच्या दोन बियांतला कोन साधारण १३७.५ अंशांचा असतो, आणि डावी-उजवी वलयं मोजली तर बऱ्याचदा ३४ आणि ५५ भरतात. (हे आकडे सुवर्ण गुणोत्तर म्हणतात त्या प्रमाणाशी जुळतात. पण यावरून लगेच प्रत्येक चित्रावर सुवर्ण गुणोत्तराचं सर्पिल चिकटवायच्या भरीला पडू नका. तो एक वेगळाच आजार आहे.) मोजायचं अशासाठी, की मोजताना नजर एका जागी टिकते आणि टिकलेल्या नजरेला काहीतरी खटकतंच.

आणि झाड देखणं असावं लागत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररनं १५०३ मध्ये जलरंगात गवताचा एक तुकडा काढला, तो आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात बघण्यासारखं फूल नाहीच. गवताची पाती, काही रानटी तण, आणि डँडेलियन या रानरोपाची फुलं तीही मिटलेली. पण चित्रकाराची नजर जमिनीला लागलेली आहे, सशाच्या उंचीवर. तेवढ्या एका निर्णयानं पायदळी तुडवलं जाणारं गवत जंगल झालं. कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांना वर्गात दाखवायला नमुने हवे होते, म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं ते कोंब, कळ्या, वेलींचे ताणे असे मोठे करून टिपत राहिले, काही तर तीसपट. नेच्याचा (फर्नचा) गुंडाळलेला कोंब त्यात लोहारानं वळवलेल्या कमानीसारखा दिसतो. तीसेक वर्षं हे काम वर्गापुरतंच होतं. १९२८ मध्ये ते छापून आलं तेव्हा ब्लॉसफेल्ट साठी ओलांडलेले होते. आणि मुघल दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर? १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरला गेला, तेव्हा मन्सूरनं शंभराहून जास्त फुलं रंगवल्याचं बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यातली फारच थोडी आज शिल्लक आहेत. शंभर फुलं रंगवताना त्याला शंभर वेळा "सुचलं" असेल असं मला वाटत नाही. फूल समोर होतं आणि ते कोमेजणार होतं.

आता प्रवास. प्रवासानं प्रेरणा मिळते हे खरं आहे, पण ती ज्या ठिकाणी मिळेल असं वाटतं तिथे सहसा मिळत नाही. प्रसिद्ध कडा, प्रसिद्ध मंदिर, प्रसिद्ध सूर्यास्त, यांच्यासमोर मी स्वतः कधीच धड काही काढू शकले नाही. कारण तिथे पोचायच्या आधीच त्यांचं चित्र डोक्यात तयार असतं. डोळे फक्त ते जुळतंय का एवढंच तपासतात.

फ्रेंच चित्रकार आंरी मातीस १९१२ च्या जानेवारीअखेर मोरोक्कोतल्या टँजिअरला गेला. गेला होता दक्षिणेचा उजेड बघायला, आणि तिथे पाऊस लागला. दिवसचे दिवस पाऊस. हॉटेलच्या खोलीबाहेर पडता येईना. मग त्यानं खोलीतल्या आरशाच्या टेबलावर फुलदाणीत ठेवलेली आयरिसची फुलं रंगवली. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इतक्या दूर जाऊन हा माणूस शेवटी खोलीतली फुलदाणी रंगवत बसला. पण घरी बसून ती फुलदाणी त्याला तशी दिसली असती का? माझं उत्तर नाही असं आहे. परक्या खोलीत सवयी नसतात. दिव्याचं बटण कुठे आहे हेसुद्धा शोधावं लागतं, त्यामुळे डोळे सतत जागे असतात. प्रवासातून खरं मिळतं ते हे जागेपण, आणि ते प्रेक्षणीय स्थळापेक्षा बसथांब्यावर, जिन्यात, परक्या नळाच्या तोटीपाशी जास्त कामाला येतं.

देलाक्र्वा या आधीच्या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगते. १८३२ मध्ये तो एका राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला, साधारण सहा महिने फिरला आणि वह्या भरून आणल्या. त्या वह्यांत रेखाटनं आहेत, जलरंगाचे डाग आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला भराभर लिहिलेले शब्द आहेत: कुठल्या कापडाचा रंग काय, सावली कशी. मरेपर्यंत, म्हणजे पुढची तीस वर्षं, तो त्या वह्यांवर चित्रं करत राहिला. आणि त्यानंच पुढे रोजनिशीत लिहिलंय की प्रवासातले बारीकसारीक तपशील विसरल्यावरच त्याला त्या प्रवासातून काही बऱ्यापैकी करता आलं.

विसरणं ही चित्रकाराची चाळणी आहे, आणि तुमचे चारशे फोटो ती चाळणी बंद पाडतात. फोटोत सगळंच तितकंच स्पष्ट असतं, ढग, दगड, कुणाची तरी पिशवी. काय महत्त्वाचं हे ठरवायची वेळच तुमच्यावर आली नाही. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, तेव्हा हा तोटा झाला नाही. म्हणून मी फोन घरी ठेवा म्हणत नाही. माझा नियम एवढाच, की आधी रेखाटन, मग फोटो, आणि तोही रेखाटनात जे जमलं नाही तेवढ्याच भागाचा. जमलं नाही ते कोपऱ्यात लिहूनही ठेवते: "मनगट कसं वळलंय कळलं नाही" किंवा "पायरीची सावली निळी की जांभळी?" घरी आल्यावर पुष्कळदा ही वाक्यंच रेखाटनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

रोजच्या वस्तूंबद्दल बोलायचं तर मला थांबवावं लागेल. माझा सगळा जीव तिथे आहे.

जॉर्जिओ मोरांदी (१८९०–१९६४) हा इटालियन चित्रकार बोलोन्यात आपल्या बहिणींबरोबर राहायचा आणि झोपायच्या खोलीतच चित्रं काढायचा. बाटल्या, डबे, फुलदाण्या. त्याच त्याच, वर्षानुवर्षं. इटलीबाहेर त्यानं पहिल्यांदा पाऊल टाकलं ते १९५६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. बाटल्यांची चमक नको म्हणून तो त्यांना मॅट रंग द्यायचा, त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा, आणि टेबलावर पसरलेल्या कागदावर त्यांच्या जागा पेन्सिलीनं आखून ठेवायचा. एक बाटली बोटभर सरकवली की नवं चित्र. कारण सरकवल्यावर दोन बाटल्यांच्या मधली फट बदलते, आणि त्याच्या चित्रात ती फट बाटलीइतकीच महत्त्वाची असते. फांद्यांमधल्या मोकळ्या जागांबद्दल वर म्हटलं, तेच हे.

जपानी चित्रकार होकुसाईनं फूजी पर्वताची छत्तीस दृश्यं म्हणून मालिका सुरू केली, ती वाढत ४६ वर गेली. त्यातलं माझं लाडकं चित्र ते प्रसिद्ध लाटेचं नाही. एक माणूस भलंमोठं लाकडी पिंप बनवतोय, त्याला अजून तळ बसवलेला नाही, आणि त्या गोल पोकळीतून पार लांब, इवलासा फूजी दिसतो. डोंगर बघायला कुणी पिंपातून बघतं का? पण कामावरचा कारागीर असाच बघतो, काम करता करता, मधल्या भोकातून.

इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या बागेत थ्रश पक्षी स्ट्रॉबेरीवर डल्ला मारायचे. १८८३ मध्ये त्या चोरांचीच त्यानं कापडावरची नक्षी केली, पानाफुलांच्या दाटीत चोचीत फळ धरलेले पक्षी, निळ्या जमिनीवर. बागेतल्या उपद्रवातून निघालेलं हे काम आजही छापलं जातं. तेव्हा घरात तुमचं डोकं कशानं उठतं त्याचीही एक यादी करून बघा. माझी मी केली होती. गळका नळ, गुंतलेल्या वायरी, कधीच नीट घडी न होणारी इलॅस्टिकची चादर. चादरीवर चार चित्रं झाली.

माझ्या खोलीतला एक प्रयोग सांगते, तो कुणालाही करता येईल. सकाळी खिडकीच्या गजांची सावली बाजूच्या भिंतीवर पडते. एका रविवारी भिंतीला मोठा कागद चिकटवला आणि दर अर्ध्या तासानं सावलीची कड पेन्सिलीनं आखली, कडेला वेळ लिहिली. पहिल्या दोन वेळा वाटलं, काय वेडेपणा. चौथ्या वेळी दिसलं की सावली नुसती सरकत नाही, तिरकीही होत जातेय. उभे गज उभेच आहेत, पण आडवे कलतायत, मधल्या चौकोनांचे समांतरभुज होतायत आणि जमिनीकडे उतरतायत. गज भिंतीपासून जसे लांब तशी त्यांच्या सावलीची कड मऊ. बाहेरच्या फांदीची सावली तर नुसतीच धूसर, पण तिच्यात पानांमधून आलेले उजेडाचे गोल ठिपके होते. ते गोल का, तर प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. पानांमधली फट सुईच्या भोकासारखं काम करते, तिचा स्वतःचा आकार कसाही असो. हे मला तोवर माहीत नव्हतं, त्या दिवशी शोधून वाचलं. दुपारपर्यंत त्या कागदावर एकमेकांवर चढलेल्या सात खिडक्या होत्या. तो कागद मी दोनदा विकलाय, एकदा पडद्याच्या कापडासाठी, एकदा मुखपृष्ठासाठी. खर्च आला चिकटपट्टीचा.

भिंतीवरचे ओलीचे डाग, खपल्या यांत डोंगर, नद्या, लढाया दिसतात, त्या बघा, असा सल्ला लिओनार्दोनं चित्रकारांना आपल्या टिपणांत दिलेला आहे. अगदी अडलं तर तोही करून बघावा. माझ्यासाठी तो फारसा चालत नाही. मला डागात नेहमी कुत्रीच दिसतात.

वहीतून चित्रापर्यंत कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही आणि बहुतेकजण तिथेच अडतात. वही भरते, पुढे काही नाही. मी काय करते ते सांगते. रेखाटन झालं की आठ-दहा दिवस वही उघडायची नाही. मग न बघता, आठवणीतून तीच गोष्ट पुन्हा काढायची, तीही मोठ्या कागदावर आणि जाड साधनानं, कोळसा किंवा ब्रश. मग वही उघडून दोन्ही शेजारी ठेवायची. आठवणीतल्या चित्रात जे फुगलेलं असतं, वाकडं झालेलं असतं, तिथे तुमचं मन अडकलेलं असतं. जे गळालं ते बहुधा तुम्हाला नकोच होतं. देलाक्र्वाला जे व्हायला बरीच वर्षं लागली ते आपण दहा दिवसांत ढकलून करतोय, त्यामुळे थोडं कच्चं राहतं, पण चालतं. त्यानंतर एक बंधन घालून घ्या. दोनच रंग, किंवा फक्त सरळ रेषा, किंवा कात्रीनं कापलेला कागद. मोकळं सोडलं की आपण पुन्हा सवयीच्या वेलीवर जातो.

मी कापडवाली असल्यामुळे माझं आवडतं बंधन रिपीटचं. तळहाताएवढा चौकोन घ्या, त्यात रेखाटनातला एकच भाग काढा, आणि त्याच्या प्रती शेजारी शेजारी लावा. शेजारची रांग अर्ध्या उंचीनं खाली सरकवली की त्याला आम्ही हाफ ड्रॉप म्हणतो. आडव्या पट्ट्या दिसायच्या बंद होतात आणि नजर तिरकी वाहते. असं लावल्यावर चौकोनांच्या मध्ये असे काही आकार तयार होतात जे तुम्ही काढलेलेच नसतात. त्यातला एखादा मूळ आकारापेक्षा चांगला निघाला, तर मूळ सोडून त्याच्या मागे जा.

दुसऱ्यांची चित्रं फोनवर बघण्याबद्दल एवढंच सांगते: काम सुरू करायच्या आधी बघू नका, संपल्यावर हवी तेवढी बघा.

आता तुमचे दहा दिवस. वही खिशात मावेल अशी, तळहाताएवढी, आणि कागद स्वस्त. महागड्या वहीत माणूस चुकायला घाबरतो. माझ्याकडे अशा तीन सुंदर वह्या कोऱ्या आहेत. एक टूबी (2B) पेन्सिल, एक न पुसलं जाणारं काळं पेन, तीन जलरंग (एक निळा, एक पिवळा, एक विटकरी) आणि पाणी स्वतःत साठवणारा ब्रश. खोडरबर नेऊ नका. पुठ्ठ्याची कापलेली खिडकी वहीच्या कव्हरमध्ये ठेवा.

दिवसाला एकच गोष्ट, पण तिला अर्धा तास. त्यातली पहिली पाच मिनिटं नुसतं लिहायचं, निदान तीन प्रश्न, ज्यांचं उत्तर बघून मिळेल असे. "हे झाड सुंदर का आहे?" हा प्रश्न नको. "या झाडाची साल उभी फाटते की आडवी?" हा हवा. प्रेक्षणीय स्थळी जा, मजा करा, तिथे काही काढू नका. काढायचं ते वाट बघताना, गाडी लागायच्या आधी, पाऊस थांबेपर्यंत. निघण्यापूर्वी घरातलीच एखादी वस्तू, समजा तुमचा चहाचा कप, रोज एकदा अशी चार दिवस काढा. नाहीतर पहिले तीन दिवस हात सैल होण्यातच जातात.

वहीची शेवटची सहा पानं कोरी आणा. परतल्यावर पहिल्या रविवारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आठवेल ते त्यांच्यावर काढा. आणि ते गेल्या सुट्टीतले चारशे फोटो आत्ता उघडू नका. आधी त्या डोंगरातलं जे आठवतंय ते आज रात्री एका कागदावर काढा. तीन गोष्टी आठवल्या तरी पुष्कळ झालं. मग फोटोंत त्या तीनच शोधा. माझा अंदाज आहे, त्यातल्या एकीचा फोटो तुम्ही काढलेलाच नसेल.